तुळईतली गिटार



येत्या १ मे रोजी श्रमिक संत योसेफाचा सण आहे. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी जगभरच्या कामगार दिनालाच हा सण नेमून दिला. त्याच तारखेला महाराष्ट्र दिन असतो, आणि १९९९ साली परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला तोही १ मे रोजीच. त्यामुळे आपल्याकडे त्या दिवशीची पंगत मोठी असते. या पंगतीच्या जळणासाठी गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी तीन सागवानी तुळया आपल्या पडवीत आणून टाकल्या होत्या. आज तिथे दोनच आहेत. तिसरीचे काय झाले, असे पुष्कळांनी विचारले. काहींनी ते मला न विचारता बाहेर सांगितले. म्हणून आजचे हे पान त्या तुळईसाठी.

तुळया आल्या त्या आपल्याच धर्मग्रामातल्या एका घराच्या. माळवदाचे घर होते. ज्यांनी माळवद पाहिले नाही अशा मुलांसाठी सांगतो. जाड भिंती, आत सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचणे, आणि त्या सगळ्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते मराठवाडा विसरलेला नाही. माणसे भूकंपाने कमी आणि डोक्यावरच्या मातीने जास्त मेली. मग २०२४ साली, २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला, आपल्या जिल्ह्यातच साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. कळमनुरी, औंढा, वसमत भागातल्या लोकांनी रात्री अंगणात काढल्या. या कुटुंबातल्या आजींनी मग माळवदाखाली झोपायचेच सोडले. शेवटी घर पाडले आणि पत्र्याचे बांधले. चूक केली असे मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसून पाहिले आहे, तरीही म्हणणार नाही.

पाडलेल्या माळवदाच्या लाकडाचे काय होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कोरीव खांब असला तर शहरातला व्यापारी घेऊन जातो. चांगल्या तुळईची चौकट होते. जी भेगाळली, जिला खिळे फार, जी एका टोकाला वाळवीने खाल्ली, ती हळद शिजवायला जाते. वसमतच्या बाजारात पिवळीधमक हळद येते, तिच्यामागे किती घरांची छपरे जळाली असतील याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. आमच्या वाट्याला आलेल्या तिन्ही तुळया अशाच होत्या. कामाच्या नव्हत्या म्हणून त्या देवाला मिळाल्या. (हे मी रागाने लिहीत नाही. दान देताना आपण सगळेच थोडे असे करतो. फादरांना मिळणाऱ्या जुन्या घड्याळांविषयी एक वेगळे पान लिहिता येईल.)

जून महिन्यात एका संध्याकाळी 'तो' आला. त्याचे नाव मी इथे छापत नाही. तुम्हा सर्वांना ते ठाऊक आहे आणि अडचण तीच आहे. साडेतीन वर्षांपूर्वी आपल्या चर्चच्या दानपेटीचे कुलूप तुटले. पैसे फार नव्हते. चौथ्या दिवशी त्याने स्वतः येऊन कबूल केले, कारण दारू उतरली होती. पोलिसांत जायचे नाही असे आपण ठरवले आणि त्याचा आपल्याला मोठा अभिमान वाटला. पण पुढच्या रविवारी मी उपदेशात, वेदीपाशी उभा राहून, त्याचे नाव घेतले. त्याची बायको तिसऱ्या बाकावर बसली होती. मला वाटले मी सत्य बोलतो आहे. त्यानंतर तो चर्चमध्ये आला नाही, आणि काही महिन्यांनी ती मुलांना घेऊन माहेरी गेली. पोलिसांनी त्याला सहा महिने दिले असते. मी साडेतीन वर्षे दिली.

तर तो आला आणि पायरीखालीच उभा राहून म्हणाला, "फादर, या तुळया जाळू नका. एक मला द्या."

"काहून?" मी विचारले. इथे दहा वर्षे राहून मीही काहून म्हणायला लागलो आहे.

"गिटार करतो."

मी हसलो. मनात म्हटले, ही तुळई उद्या वखारीत विकली जाणार आणि परवा गुत्त्यावर पोहोचणार. त्याला म्हटले, सणाचे जळण आहे, देता येणार नाही. तो काही न बोलता गेला.

आता माझ्या शिक्षणाची एक गोष्ट सांगतो, म्हणजे या नकारात किती मोठा विनोद होता ते कळेल. पुण्याच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. ॲरिस्टॉटल म्हणतो, प्रत्येक वस्तूत दोन गोष्टी असतात, द्रव्य आणि आकार. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार घेऊन ख्रिस्ती तत्त्वज्ञानाची मांडणी केली. आता द्रव्यासाठी ॲरिस्टॉटलने जो ग्रीक शब्द वापरला तो आहे 'ह्यूले'. त्या शब्दाचा साधा, बाजारातला अर्थ काय? लाकूड. रान, इमारती लाकूड, आणि जळणसुद्धा. जगातल्या सगळ्या द्रव्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्या थोर माणसाला सुताराच्या अंगणातला ओंडका आठवला. या शब्दावर मी परीक्षेत पाच पाने लिहिली होती आणि गुणही चांगले पडले होते. लाकडात मूर्ती आधीपासून नसते, पण मूर्ती होण्याची शक्यता असते, आणि ती शक्यता आपोआप जागी होत नाही, कर्ता लागतो, असे सगळे मी लिहिले. वीस वर्षांनी दारात एक ओंडका आणि एक कर्ता एकदमच उभे राहिले, तर मी त्यांना जळण आणि दारुडा एवढेच ओळखले.

तुळई त्याला सिस्टरांनी दिली. मी चार दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "फादर, एक तुळई कमी आहे. मोजून घ्या." मग मोजायला काय राहिले!

पुढचे सात महिने मी सुरुवातीला संशयाने आणि नंतर उत्सुकतेने त्याच्या पत्र्याच्या शेडकडे जात राहिलो. तिथे मला जे शिकायला मिळाले ते जरा सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न कापण्याचा. जुने लाकूड सॉ मिलवाला घेत नाही. आत एक जरी खिळा राहिला तरी पाते जाते, आणि पाते महाग असते. याने मोडक्या स्पीकरमधला लोहचुंबक काढला, दोरीला बांधला आणि तुळईवरून तासन् तास फिरवला. चुंबक जिथे ओढ घेईल तिथे खडूची खूण. एकेचाळीस खिळे निघाले. काही हाताने घडवलेले, चौकोनी, लोहाराच्या भट्टीतले. त्याने ते एका डब्यात ठेवले आहेत. मग एका मिलवाल्याने पाते तुटले तर भरून द्यायचे या अटीवर फळ्या पाडून दिल्या. आतून लाकूड निघाले ते पाहण्यासारखे होते. वरून काळे, धुराने माखलेले, आणि आत मधासारखे, सरळ रेषांचे. इतकी वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड आता आणखी आक्रसत नाही, पीळ खात नाही. नवे लाकूड वर्षानुवर्षे वाळवावे लागते. हे काम त्या घराने करून ठेवले होते.

पण साग गिटारीला सोपा नाही. त्याच्या अंगातच तेल असते, त्यामुळे सांधा चिकटत नाही. चिकटवायच्या जागी स्पिरिटने पुसायचे आणि लगेच जोडायचे. थांबले की तेल पुन्हा वर येते. बाजूच्या पट्ट्या दोन मिलिमीटरपर्यंत पातळ करायच्या, भिजवायच्या आणि तापवलेल्या लोखंडी पाइपवर हळूहळू वाकवायच्या. तीन पट्ट्या तडकल्या. चौथी वळली. सांधे दाबून धरायला शिकंजे नव्हते, म्हणून सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्याने सगळी गिटार गुंडाळून ठेवली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती अपघातातून आलेल्या रुग्णासारखी दिसली.

वरची फळी, जिला मिरजेचे कारागीर तबली म्हणतात, ती मात्र सागाची चालत नाही. ती हलकी हवी, कारण आवाज तीच देते. स्पेनचा थोर कारागीर अंतोनियो दे तोरेस याने १८६२ साली एक गिटार बनवली, तिच्या पाठीला आणि बाजूंना चक्क पुठ्ठा लावला आणि वरची फळी तेवढी चांगल्या लाकडाची ठेवली. गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. आमच्या कारागिराने वरच्या फळीसाठी यंत्राच्या पॅकिंगच्या खोक्यातली पाइनची फळी आणली. हिंगोलीच्या बाजारात अशी खोकी हॉटेलवाले चुलीसाठी घेतात. तारांखालची काळी पट्टी मोडक्या पलंगाच्या शिसवी पायातून निघाली. शिसवाचे तर नवलच आहे. जगातल्या मोठमोठ्या गिटार कंपन्या आपल्या देशातला शिसव समुद्रापार नेतात, आणि आपण पलंगाचा पाय मोडला की तो चुलीत सारतो. चाव्या, तारा आणि पडद्यांची पितळी पट्टी एवढेच काय ते नांदेडहून विकत आणले.

पडदे बसवताना पहिला घात झाला. पडद्यांची अंतरे सारखी नसतात. वरून खाली येताना ती कमी कमी होत जातात. उरलेल्या तारेच्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागायचे, आणि मग बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो. याने अंतरे जुन्या गिटारीवरून सुतळीने मोजून घेतली, आणि जुन्या गिटारीची लांबी वेगळी होती. पट्टी पूर्ण झाली, तारा चढल्या, आणि सूर असा निघाला की शेजारचे कुत्रे उठून गेले. पलंगाचे पाय चार असतात हे नशीब. दुसऱ्या पट्टीचा हिशोब आपल्या धर्मशिक्षण वर्गातल्या दहावीच्या एका मुलीने वहीत करून दिला. मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. तिच्या आईला हे माहीत नव्हते. आता झाले.

एक गोष्ट मात्र मी आतून पाहिली नसती तर कधीच कळली नसती. लोखंडी तारा चढवल्यावर सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलो होतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या तीन मिलिमीटरच्या फळीला अहोरात्र लोंबकळतो आहे असे समजा. फळी जाड केली तर ताण सोसेल, पण मुकी होईल. पातळ ठेवली तर गाईल, पण फाटेल. मग करायचे काय? फळीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, दोन पट्ट्या एकमेकींवरून तिरक्या बसवतात. फुलीसारख्या. अमेरिकेत मार्टिन नावाच्या कारागिराच्या कारखान्यात १८४० च्या दशकात ही पद्धत रुळली आणि आजही लोखंडी तारांच्या बहुतेक गिटारींत ती असते. तिरका क्रूस म्हणजे संत अंद्रियाचा क्रूस. प्रेषित अंद्रियाला अशा तिरक्या क्रूसावर मरण आले अशी आपली परंपरा सांगते. अशा गिटारींच्या पोटात तो आहे. वाजवणाऱ्याला दिसत नाही, ऐकणाऱ्याला ठाऊक नसतो, आणि सगळा भार त्याच्यावर असतो. तो आधार बसला की फळी पातळ राहू शकते. मी हे त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "फादर, तिथे सरस नीट लागला पाहिजे एवढंच मला कळतं."

मार्टिनचीच आणखी एक गोष्ट. तो जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावचा, लाकडी सामान बनवणाऱ्या सुतारांच्या घरातला. त्या गावात व्हायोलिन बनवणाऱ्यांचा वेगळा संघ होता. सुतारांनी गिटार बनवू नये, वाद्य हे आमचे काम, अशी तक्रार त्या संघाने सरकारदरबारी केली आणि वाद कित्येक वर्षे चालला. त्याच काळात, १८३३ साली, मार्टिनने गाव सोडले आणि तो समुद्रापार गेला. ज्याला गावाने सुतार म्हणून हिणवले त्याच्या नावाच्या गिटारी आज जगभर वाजतात. नाझरेथच्या सभास्थानात आपल्या प्रभूबद्दलही लोक असेच काही कुजबुजले होते, हे मार्कच्या सहाव्या अध्यायात घरी जाऊन वाचा.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. गिटार जानेवारीत तयार झाली. फेब्रुवारीत मी ती गायकवृंदाला दाखवली. वाजवून पाहिली, सगळ्यांना आवडली. मग कुणीतरी विचारले, कुणी बनवली? मी सांगितले. खोलीत शांतता झाली. एक मुलगा हातातली गिटार हळूच खुर्चीवर ठेवून मागे सरला. दुसऱ्या दिवशी दोघे जण माझ्याकडे आले. अतिशय चांगली माणसे, चर्चसाठी राबणारी. म्हणाले, "फादर, ज्या हाताने दानपेटी फोडली त्या हाताचे वाद्य मिस्साला नको. बाहेरच्या कार्यक्रमाला वाजवू." एक वयस्कर मावशी म्हणाल्या, मुळात गिटारच नको, पेटी बरी. मावशींचा मुद्दा वेगळा आहे. त्यांना एवढेच सांगतो की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच उपासनेला शोभतील अशा इतर वाद्यांसाठी दार उघडले आहे. पेटीसुद्धा त्याच दाराने आत आली.

त्या दोघांना मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्यांचा राग मीच पेरलेला होता. ज्याचे नाव वेदीपाशी घेऊन मी त्याला चोर ठरवले, त्याची वस्तू वेदीपाशी कशी आणायची, हा त्यांचा प्रश्न सरळ होता.

इटलीत मिलान शहराजवळ ऑपेरा नावाचा तुरुंग आहे. लँपेदुसा बेटाशी निर्वासितांच्या ज्या होड्या येऊन लागतात, त्यांचे लाकूड तिथे नेतात आणि कैदी त्यातून व्हायोलिन बनवतात. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्या बेटाजवळ एक होडी बुडाली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. त्याच्या तीनच महिने आधी, ८ जुलैला, पोप फ्रान्सिस तिथे गेले होते आणि होड्यांच्या लाकडातून केलेल्या चषकाने त्यांनी मिस्सा अर्पण केली होती. हे लाकूड म्हणजे चांगले लाकूड नव्हे. रंगाने माखलेले, खाऱ्या पाण्याने खाल्लेले. कैद्यांनी तो रंगही सगळा काढला नाही. २०२२ साली असे एक व्हायोलिन पोप फ्रान्सिस यांनी पाहिले आणि आशीर्वादिले. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात, जिथे वाजवायला मिळावे म्हणून मोठमोठे कलावंत आयुष्यभर झुरतात, तिथे त्या वाद्यांची मैफल झाली. ती वाद्ये ज्या हातांनी बनवली त्या हातांनी काय काय केले असेल? आपल्या दानपेटीपेक्षा पुष्कळ मोठे काही. पोप फ्रान्सिस २०२५ साली प्रभूच्या घरी गेले. वापरून फेकून देण्याच्या सवयीबद्दल ते आयुष्यभर बोलत राहिले. ते बोलणे प्लास्टिकच्या पिशव्यांबद्दल आहे असे समजून मी आपल्या शाळेत त्यावर निबंध स्पर्धा घेतली होती.

कुणी म्हणेल, फादर, परदेशातली उदाहरणे कशाला? तर आपल्या महाराष्ट्रातले देतो. सेमिनरीत असताना मी एकदा रेल्वेने मिरजेला गेलो आणि सतारमेकर गल्लीत अर्धा दिवस हिंडलो. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि दर दुसऱ्या दारातून तार छेडल्याचा आवाज. हे भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात. ही घरे मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारींचा जमाना संपला, काम गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती बनवायला घेतली. त्याच हातांची पुढची पिढी, आणि तिच्या पुढची, तंबोरे करत आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीला संत नामदेवांच्या जन्मगावी पहाऱ्याला उभा राहिलेला वारकरी वीणा गळ्यात घेतो, ती खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात देतो. ती वीणा कुणी बनवली, त्याच्या पणजोबाने किती तलवारींना धार लावली आणि त्या कुणाच्या मानेवर पडल्या, असे तिथे कुणी विचारत नाही.

तरीही मी त्या दोघा भावांचा राग खोटा मानत नाही. दानपेटीतला पैसा विधवांचा होता, मजुरांचा होता. ऊसतोडीला जाऊन आलेल्या बायाबापड्यांचा होता. चोरी ही चोरीच. त्याने गेल्या महिन्यात गिटारीचे पैसे घ्यायला नकार दिला आणि म्हणाला, "फिटलं असं समजू नका. फिटायचं बाकी आहे." मला हे वाक्य आवडले, कारण ते खरे होते.

आणि खिळ्यांची भोके. गिटारीच्या पाठीवर अशी सात भोके आली. कितीही जपून फळी निवडली तरी आलीच. पॉलिश करण्याआधी त्याने विचारले, "लांबी भरून बुजवू का? रंग मिळवला तर कळणार नाही." मी हो म्हणणार होतो. मग मला एका गिटारीची गोष्ट आठवली. अमेरिकेतला कारागीर बॉब टेलर याने १९९५ साली कारखान्याच्या कचऱ्यात पडलेल्या माल वाहण्याच्या लाकडी पॅलेटमधून गिटार बनवली. चांगली गिटार नुसत्या महागड्या लाकडाने होत नाही, हे त्याला दाखवायचे होते. तिच्यातली खिळ्यांची भोके त्याने बुजवली, पण लपवली नाहीत. त्यांत ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवल्या, म्हणजे लांबूनही दिसाव्यात. टेलरने हे गमतीने केले असेल. मला मात्र दोनच आठवड्यांपूर्वी वाचलेले योहानाचे शुभवर्तमान आठवले. प्रभू उठला, दारे बंद असताना आत आला, मरणावर मात केलेले शरीर होते ते. त्या शरीरावर खिळ्यांचे व्रण ठेवायची काही गरज होती का? ज्याने कबरीचा धोंडा बाजूला सारला त्याला हातावरची दोन भोके बुजवता आली नसती? त्याने ती ठेवली, आणि थोमाने त्याला ओळखले ते त्यांवरूनच. भोके आहेत तशी राहू दे, असे मी त्याला सांगितले. त्याने ती साफ केली, कडा घासल्या आणि आत थोडी राळ भरली. उजेडात धरली की ती मधासारखी चमकतात.

तेव्हा माझा निर्णय असा आहे. १ मे रोजी सकाळी साडेआठच्या मिस्साला ही गिटार वाजेल. गायकवृंदातल्या ज्यांना त्या दिवशी तिच्याबरोबर गायचे नसेल त्यांनी खाली बाकांवर बसावे. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही आणि मी त्यांचे नाव कुठे घेणार नाही. नाव घेण्याचे काम मी एकदाच केले आहे, आणि त्याची क्षमा मी जिथे ते केले तिथेच, उपदेशाच्या वेळी उभा राहून, मागणार आहे. त्याच्या बायकोलाही मी माहेरी जाऊन भेटून आलो. ती येईल की नाही हे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

नव्या तारा पहिले काही दिवस सैल पडत राहतात, म्हणून मिस्सापूर्वी त्या पुन्हा लावून घ्याव्या लागतात. ते काम त्याचे. तो सव्वाआठला येईल. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो म्हणाला आहे.

पडवीतल्या उरलेल्या दोन तुळया आता जाळायच्या नाहीत. दहावीच्या त्या मुलीने हिशोबाची वही पुन्हा उघडली आहे. त्यामुळे सणाच्या स्वयंपाकाला जळण कमी पडणार आहे. ज्यांच्या शेतात तुराट्या-पऱ्हाट्या शिल्लक असतील त्यांनी सिस्टरांना कळवावे. बैलगाडी आपण पाठवू.

प्रभूच्या प्रेमात,
तुमचा धर्मगुरू